‘सुधाकर प्यायला’ की ‘सुधाकरने प्यायली’?

पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीच्या वहीत ‘एकच प्याला’ या नाटकावरच्या उत्तरात हे वाक्य होते : ‘तळीरामद्वारे सुधाकरला दारूची सवय लावली गेली व त्यामुळे सिंधूला मारण्यात आले.’ ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर. परीक्षेतल्या ‘वाक्य शुद्ध करा’ या प्रश्नात सापडतो तसला ढोबळ दोषही नाही. मी तिला एवढेच विचारले, ‘‘सिंधूला मारले कोणी?’’ ती चटकन म्हणाली, ‘‘सुधाकरने.’’ ‘‘मग तो तुझ्या वाक्यात कुठे आहे?’’ ती वाक्याकडे बघत राहिली. सुधाकर त्यात होता, पण नुसता ‘सुधाकरला’ म्हणून, सवय लागलेला. मारणारा सुधाकर वाक्यातून निसटला होता.

त्या दिवसापासून मी मुलांना सांगत आलो आहे की शोकांतिका अभ्यासाला असेल तर व्याकरणाच्या सरावाला वेगळी वही घालू नका. नाटकाच्या वहीतच तो करा. कोणी केले, कोणावर आले, कशामुळे आले, टाळता आले असते का, हेच तर शोकांतिकेत आपण शोधत असतो. मराठीत या प्रश्नांची उत्तरे कर्ता, कर्म, प्रयोग, विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये देतात. म्हणजे ज्याचे वाक्य ढिले, त्याचे नाटकाचे आकलनही त्या जागी ढिलेच असते. उलट वाक्य घट्ट करायला बसले की नाटक पुन्हा उघडावे लागते, आणि अभ्यास तिथे होतो.

या लेखापुरते मी ‘एकच प्याला’च घेतो. राम गणेश गडकऱ्यांचे हे पाच अंकी नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारीत बडोद्याला रंगभूमीवर आणले. सुधाकरची बायको सिंधू हिच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि पदे वि. सी. गुर्जरांची होती. गडकरी त्याच्या महिनाभर आधीच, २३ जानेवारीला, सावनेरला वारले होते. वय अवघे ३३. या नाटकाचा पडदा वर गेलेला त्यांनी पाहिलाच नाही. तुमच्या अभ्यासक्रमात ‘नटसम्राट’ असेल, देवलांचे ‘झुंझारराव’ असेल, तरी पुढची रीत तशीच चालेल.

एक पथ्य मात्र आधी सांगतो. गडकऱ्यांची वाक्ये दुरुस्त करायला घेऊ नका. त्यांची वाक्ये लांब, अलंकारांनी भरलेली, शब्दांवर कोट्या करत जाणारी आहेत. ती तशी आहेत कारण ती रंगमंचावर म्हणायची आहेत. दुरुस्त करायची ती आपली वाक्ये. त्यासाठी एक प्रवेश वाचावा, पुस्तक मिटावे आणि त्या प्रवेशात काय घडले ते आपल्या शब्दांत आठ-दहा वाक्यांत लिहावे. पुस्तकात डोकवायचे नाही. लिहून झाल्यावर लगेच तपासायचेही नाही. वही दुसऱ्या दिवशी उघडावी, कारण ताज्या लिखाणात आपल्या मनातले आपण वाचतो, कागदावरचे वाचत नाही. पंचवीस मिनिटांचे काम आहे, रोज एक प्रवेश या हिशेबाने नाटक महिन्याच्या आत पुरे होते.

आता तपासायचे काय, त्याकडे येऊ.

पिण्याचे क्रियापद

या नाटकावर लिहिताना सर्वांत जास्त लागणारे क्रियापद म्हणजे ‘पिणे’, आणि नेमके तेच सर्वांत जास्त चुकते. ‘सुधाकरने दारू प्यायली’ असे दहातले सहा-सात जण लिहितात, निदान माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत तरी. ते असे का लिहितात तेही उघड आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ आला की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते, हे आपल्या कानाला इतके सवयीचे असते : त्याने भाकरी खाल्ली, तिने दळण दळले, त्याने बाटली फोडली. मग ‘त्याने दारू प्यायली’ का नको?

मराठीत काही मोजकी सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्तरी राहतात म्हणून. ‘पिणे’ त्यांपैकी एक. तो दारू प्यायला, ती पाणी प्यायली, मुले दूध प्यायली. कर्त्याला ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते. याच पंगतीतली आणखी काही क्रियापदे या नाटकाच्या उत्तरांत हटकून येतात. ‘बोलणे’ : सिंधू काही बोलली नाही, ‘सिंधूने काही बोलली नाही’ असे नव्हे. ‘म्हणणे’ : सुधाकरचा मित्र रामलाल म्हणाला; ‘रामलालने म्हटले’ हे रूपही मराठीत चालते, पण ‘रामलालने म्हणाला’ ही खिचडी चालत नाही. ‘विसरणे’ : सुधाकर आपला निश्चय विसरला. ‘शिकणे’ : सुधाकर कायदा शिकला. ‘नेसणे’ : सिंधू जुने लुगडे नेसली. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या १९११ च्या ग्रंथात अशा क्रियापदांचा विचार आहे, आणि वाळंब्यांच्या नेहमीच्या व्याकरणाच्या पुस्तकातही हा विषय सापडेल. पण यादी पाठ करण्यापेक्षा ही सहा क्रियापदे सुधाकर-सिंधूच्या वाक्यांत घालून एकदा मोठ्याने म्हणा. कान तयार झाला की यादी लागत नाही.

नाटकाच्या नावाकडेही या नजरेने एकदा बघा. ‘प्याला’ हे नाम आहे. ‘तो प्याला’ यात तेच रूप ‘पिणे’चा भूतकाळ आहे. ‘सुधाकर एकच प्याला प्याला’ या वाक्यात पहिला ‘प्याला’ कर्म आहे आणि दुसरा क्रियापद. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून दोन्ही शब्दांखाली त्यांची शब्दजात लिहायला सांगतो. मग त्याच्या शेजारी दुसरे वाक्य लिहितो, ‘सुधाकरने प्याला उचलला’. इथे क्रियापद प्याल्याच्या मागे गेले, कर्मणी प्रयोग झाला. आणि तिसरे, ‘सुधाकरने सिंधूला मारले’. कर्माला ‘ला’ लागला, म्हणून क्रियापद कोणाच्याच मागे गेले नाही, नपुंसकलिंगी एकवचनी होऊन उभे राहिले. हा भावे प्रयोग. एकाच माणसाची तीन कृत्ये, आणि तीन वाक्यांत तीन प्रयोग. पुस्तकातली ‘राम आंबा खातो’ची उदाहरणे ज्यांना दोन वर्षांत कळली नव्हती, त्यांना ही तीन वाक्ये अर्ध्या तासात कळलेली मी पाहिली आहेत.

कर्ता कुठे गेला?

आता पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे जाऊ. ‘लावली गेली’, ‘मारण्यात आले’, ‘द्वारे’. ही भाषा आपल्या हाताला सरकारी पत्रांतून, बातम्यांतून आणि इंग्रजीच्या भाषांतरांतून चिकटली आहे. ‘बैठक घेण्यात आली’ असे परिपत्रकात शोभते, कारण बैठक कोणी घेतली याचे तिथे महत्त्व नसते. नाटकात ते महत्त्वाचे असते. म्हणून वहीत ‘-ण्यात आले’, ‘-ला गेला’ आणि ‘द्वारे’ दिसले की त्याखाली रेघ मारायची आणि वाक्य कर्त्याला घेऊन पुन्हा लिहायचे. ‘तळीरामने सुधाकरला दारूची सवय लावली’ असे लिहिले की लगेच दुसरा प्रश्न येतो : खरेच तळीरामने लावली का? तळीराम प्याला पुढे करतो. तो सुधाकरचाच कारकून, धन्याला बळजबरीने पाजण्याची त्याची ताकद नाही. न्यायाधीशाशी खटका उडून वकिलीची सनद काही काळापुरती गेलेली, मानी माणसाला तो अपमान गिळवत नाही, आणि त्या क्षणी सुधाकर प्याला हातात घेतो. मग वाक्य असे होते : ‘तळीरामने प्याला पुढे केला आणि सुधाकरने तो घेतला.’ दोन कर्ते, दोन क्रियापदे, ज्याची जबाबदारी त्याच्याकडे. त्या मुलीचे मूळ वाक्य आणि हे वाक्य यांत फरक शैलीचा नाही, नाटक समजण्याचा आहे.

अर्थात कर्ता नेहमी असलाच पाहिजे असेही नाही. ‘सुधाकरची सनद गेली’ हे मला योग्य वाटते, कारण त्या क्षणी सुधाकरच्या मनात न्यायासन काय किंवा नशीब काय, समोरचा चेहरा महत्त्वाचा नसतो, झालेला घाव महत्त्वाचा असतो. कर्ता वगळायचा तर जाणूनबुजून वगळा. लिहिता लिहिता निसटू देऊ नका.

हिंदीच्या सवयीने होणारी एक चूक इथेच सांगून टाकतो, कारण तीही कर्ता-कर्माचाच घोटाळा करते. ‘रामलालने सुधाकरची मदत केली.’ मराठीत मदत कोणाला तरी करतात : ‘सुधाकरला मदत केली’. तसेच ‘सिंधू सुधाकरला खूप प्रेम करत होती’ नव्हे. ‘सिंधूचे सुधाकरवर फार प्रेम होते’. आणि ‘सुधाकर कळून चुकला’ नव्हे. कळणे त्याला होते, म्हणून ‘सुधाकरला कळून चुकले’.

दारूने, दारूमुळे, दारूपायी

मला स्वतःला या सरावातला सर्वांत आवडता भाग हा आहे. सुधाकरचा नाश कशामुळे झाला, हा प्रश्न परीक्षेत या ना त्या रूपाने येतोच. मुले ‘मुळे’ या एकाच शब्दयोगी अव्ययावर सगळे उत्तर रेटतात. दारूमुळे, अपमानामुळे, तळीराममुळे, स्वभावामुळे. सगळी कारणे एका रांगेत, एका उंचीची. पण मराठीने आपल्याला कितीतरी बारीक हत्यारे दिली आहेत.

‘दारूने संसार उद्ध्वस्त केला’ यात दारू हीच कर्ती होऊन बसली, माणूस बाजूला झाला. ‘दारूमुळे संसार उद्ध्वस्त झाला’ यात दारू नुसते कारण आहे, कोणाला दोष दिलेला नाही. ‘दारूपायी त्याने संसार उद्ध्वस्त केला’ म्हटले की दोष माणसावर येतो. ‘पायी’मध्ये वेडाने एखाद्या गोष्टीमागे लागण्याची आणि त्यासाठी बाकीचे गमावण्याची छटा आहे. ‘मानीपणापोटी त्याने दारू जवळ केली’ यात कारण माणसाच्या आत गेले. ‘पोटी’ बाहेरच्या कारणाला लागत नाही. रागापोटी, मत्सरापोटी, मायेपोटी म्हणतात, ‘पावसापोटी सामना रद्द झाला’ असे म्हणत नाहीत. ‘अपमानाच्या भरात’ यात क्षण आला. ‘कामाअभावी’ यात उणीव आली.

यावरचा अभ्यास असा करता येईल. ‘सुधाकरचा नाश’ हाच विषय घेऊन पाच वाक्ये लिहा, प्रत्येकात वेगळे अव्यय. मग त्या पाचांपैकी नाटकाला धरून असलेले वाक्य कोणते ते ठरवा, आणि ठरवताना एखाद्या प्रवेशाचा आधार द्या. मी स्वतः ‘पोटी’च्या बाजूचा आहे. सुधाकर मधे काही काळ दारू सोडतो, हे विसरता येत नाही. सोडल्यावर तो कामासाठी लोकांकडे जातो, तिथे अवहेलना होते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दारू सुटली होती, मानीपणा सुटला नव्हता. पण तुम्ही ‘पायी’च्या बाजूने उत्तर लिहिलेत आणि नीट सांगितलेत, तर मला ते आवडेल. तुमच्या पाच वाक्यांत सगळीकडे ‘मुळे’च असेल तर मात्र मी वही परत देईन.

ही अव्यये शब्दाला जोडून लिहायची असतात हेही लक्षात असू द्या. ‘दारू मुळे’, ‘सिंधू साठी’, ‘संसारा कडे’ असे तुटलेले लेखन मोबाइलवर टाइप करण्याच्या सवयीने फार वाढले आहे. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द या नाटकाच्या प्रत्येक उत्तरात येतो आणि जवळजवळ प्रत्येक वहीत ‘उध्वस्त’ असा येतो. उद् आणि ध्वस्त, दोन्ही शाबूत ठेवा.

जुन्या आवृत्तीतली टिंबे

ग्रंथालयातून नाटकाची जुनी प्रत आणलीत तर पानोपानी टिंबे दिसतील : नाहीं, केलें, त्यानें, मनांत, कां. पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. काही ती तशीच उतरवून घेतात, काही सगळी खोडतात, आणि सगळी खोडताना हवी असलेलीही खोडतात.

झाले असे की गडकऱ्यांच्या काळी उच्चारात नसलेले पण व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार लिहिण्याची पद्धत होती. पुढे मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे १४ नियम ठरवले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले, आणि हे अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून आज आपण नाही, केले, त्याने, मनात असे लिहितो. अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचा अनुस्वार मात्र राहिला. ‘मनात’ यात टिंब नको, कारण मन एक. ‘डोळ्यांत’ यात हवे, कारण डोळे दोन. ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या प्रतीत मात्र दोन्हीकडे टिंब असते, तेव्हा तिथे वचन संदर्भावरून ओळखायचे. आदरार्थी अनेकवचनालाही अनुस्वार लागतो, म्हणून ‘गडकऱ्यांनी’, ‘बालगंधर्वांनी’.

या गोंधळाकडे मी अडचण म्हणून बघत नाही. जुनी टिंबे व्याकरणाच्या खुणा आहेत. ‘केलें’वरचे टिंब सांगते की हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. ‘केले’ असे टिंबाविना असेल तर ते पुल्लिंगी अनेकवचन. आज दोन्ही ‘केले’च. ‘मीं’वर टिंब असेल तर ती तृतीया, म्हणजे ‘माझ्याकडून’ या अर्थाचा कर्ता : मीं काम केलें. टिंब नसेल तर प्रथमा : मी जातो. आज दोन्ही ‘मी’च. त्यामुळे जुन्या प्रतीतले एखादे पान घ्यावे, पेन्सिलीने प्रत्येक टिंबाभोवती गोल करावा आणि समासात एका शब्दात कारण लिहावे : ‘नपुं.’, ‘तृतीया’, ‘सप्तमी’, ‘अनेकवचन’. एका पानाला पाऊण तास लागतो. पण विभक्तीचा तक्ता पाठ करून जे येत नाही, ते त्या पाऊण तासात येते. ग्रंथालयाची प्रत असेल तर पानाची छायाप्रत काढून घ्या, पुस्तकावर लिहू नका.

संवादात ‘केलं’, ‘असं’, ‘नव्हतं’ अशी बोलीतली रूपे येतात. आजच्या नियमांप्रमाणे पात्राच्या तोंडी ती लिहायला हरकत नाही. आपल्या उत्तरात मात्र ‘केले’, ‘असे’ लिहायचे ठरवले तर शेवटपर्यंत तेच ठेवा. एका परिच्छेदात ‘सांगितले’ आणि पुढच्यात ‘सांगितलं’ हे वाचणाऱ्याला खडखडते. तसेच ‘सुधाकरने’ की ‘सुधाकराने’ हेही आधी ठरवा. मी विशेषनामाचे सामान्यरूप करत नाही. तुम्हाला जुन्या वळणाने करायचे तर करा, पण सगळीकडे.

पती, मृत्यू आणि सिंधू

ऱ्हस्व-दीर्घाचा मोठा पसारा इथे मांडत नाही. या नाटकापुरते तीन शब्द पुरे आहेत. पती, मृत्यू, सिंधू हे शब्द संस्कृतातून आले. मराठीत एकटे असताना त्यांचा शेवट दीर्घ. समासात पुढे दुसरा शब्द आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो : पतिव्रता, मृत्युशय्या, सिंधुदुर्ग. प्रत्यय लागला तर दीर्घच : पतीला, मृत्यूने, सिंधूचा. ‘दारू’ही प्रत्ययाआधी दीर्घच राहते, ‘दारूचा’, ‘दारूने’. ‘दारुचा’ लिहू नका. आणि ‘वकील’, ‘गरीब’, ‘मूल’ या शब्दांना प्रत्यय लागला की उपान्त्य ऱ्हस्व होते : वकिलाने, गरिबाला, मुलाचा. ‘परंतु’, ‘आणि’, ‘तथापि’ यांचा शेवट ऱ्हस्व. बस्स.

‘च’बद्दल मात्र दोन वाक्ये हवीत, कारण नाटकाच्या नावातच तो आहे. ‘एकचं प्याला’, ‘त्यानेचं’, ‘आत्ताचं’ असे टिंब हल्ली सर्रास दिसते. जोर देणाऱ्या ‘च’वर टिंब नसते, टिंब असलेला ‘चं’ म्हणजे ‘चे’, ‘सिंधूचं बाळ’मधला. शिवाय ‘फक्त एकच’ हेही एकदा तपासा, दोघांपैकी एक पुरे. मग हा ‘च’ एका वाक्यात फिरवून बघा : सुधाकरनेच प्याला घेतला, सुधाकरने प्यालाच घेतला, सुधाकरने प्याला घेतलाच. पहिल्यात दुसऱ्या कोणी नाही, दुसऱ्यात दुसरे काही नाही, तिसऱ्यात शेवटी व्हायचे ते झाले. आता विचारा, पहिल्या अंकातल्या त्या क्षणाला कोणते वाक्य लागू पडते, आणि दारू सोडून पुन्हा धरण्याच्या क्षणाला कोणते.

तो, त्याचा, आपला

सुधाकर, रामलाल, तळीराम, भगीरथ, पद्माकर. पाच पुरुष, आणि प्रत्येकाला सर्वनाम ‘तो’. ‘रामलालने सुधाकरला सांगितले की त्याने त्याच्या संसाराकडे लक्ष द्यावे.’ यातला ‘त्याने’ कोण? ‘त्याच्या’ कोणाच्या? मराठीत यावर सोपा उपाय आहे. वस्तू त्या वाक्याच्या कर्त्याचीच असेल तर ‘आपला’ वापरायचे : ‘सुधाकरने आपल्या संसाराकडे लक्ष द्यावे असे रामलालने सांगितले.’ ‘तळीराम त्याच्या बायकोला छळतो’ असे लिहिले तर काटेकोर मराठीत ती दुसऱ्या कोणाची तरी बायको होते. गीता तळीरामची बायको आहे, म्हणून ‘आपल्या बायकोला’.

कथानक सांगताना काळ एकच ठेवा, हे अनेकांना माहीत असते आणि तरी चुकते. मी वर्तमानकाळ सुचवतो : सुधाकर पितो, सिंधू दळते, रामलाल समजावतो. नाटकाविषयीची ऐतिहासिक माहिती भूतकाळात : गडकऱ्यांनी लिहिले, बालगंधर्वांनी काम केले. म्हणजे नाटकातले आणि नाटकाबाहेरचे आपोआप वेगळे पडते.

तळीरामच्या आर्य मदिरा मंडळातले प्रवेश मात्र वाक्यजोडणीच्या सरावासाठी राखून ठेवा. पिण्याच्या समर्थनार्थ तिथे जे युक्तिवाद होतात, ते ऐकायला खणखणीत असतात. त्यांतला एखादा युक्तिवाद आपल्या शब्दांत लिहा आणि प्रत्येक ‘म्हणून’, ‘जर-तर’, ‘कारण’ याखाली रेघ मारा. ‘म्हणून’च्या डावीकडचे खरेच उजवीकडच्याचे कारण आहे का? बहुतेक ठिकाणी नसते. गडकऱ्यांनी ते जाणून तसे रचले आहे. त्यानंतर आपलेच जुने निबंध काढून त्यांतले ‘म्हणून’ तपासा. मी तपासले तेव्हा बरेच खोडावे लागले होते.

शेवटचा प्रवेश

हा प्रवेश पहिल्या आठवड्यात घेऊ नका. बाकीचा सराव हातात बसल्यावर घ्या, आणि शक्यतो दोघा-तिघांनी मिळून घ्या. बाळ गेलेले, सुधाकरच्या हातून मार खाऊन सिंधू मरणाच्या दारात, आणि तरी तिच्या जबानीत ती नवऱ्यावर बोट ठेवत नाही. नाटकातले संवाद बाजूला ठेवून ही एकच घटना तीन माणसांच्या भाषेत आपल्या वाक्यांत लिहायची.

आधी सिंधूची बाजू. आमच्याकडच्या मुलांनी लिहिले : ‘मी पडले. मला लागले.’ प्रयोग ओळखा म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आले की दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. पडायला, लागायला दुसरा माणूस लागत नाही. सिंधूला जे लपवायचे होते, ते अकर्मक क्रियापदाने लपवले. अप्रत्यक्ष कथनात हे कसे लिहायचे यावर वाद झाला. ‘सिंधू सांगते की ती पडली’ यात ‘ती’ कोण असा प्रश्न उरतो. मराठीत बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवता येतो, ‘सिंधू सांगते की मी पडले’. किंवा ‘आपण पडलो असे सिंधू सांगते’.

मग पंचनाम्याची भाषा : ‘पडल्याने जखम झाल्याचे आढळून आले.’ झाल्याचे, आढळून, आले. कर्ता कुठेच नाही, आणि वर्गात त्या मुलीला आपले जुने वाक्य आठवले. तिने ते स्वतःहून सगळ्यांना वाचून दाखवले.

शेवटी सुधाकर. त्याच्यासाठी कितीतरी लांब वाक्ये सुचवली गेली, कारणांसकट, ‘भरात’सकट, ‘नकळत’सकट. एकेक खोडत गेलो. शेवटी फळ्यावर तीन शब्द उरले : ‘मी तिला मारले.’ भावे प्रयोग, कर्ता तृतीयेत.

शेजारी सिंधूचे ‘मी पडले’ अजून पुसले नव्हते. एका मुलाने विचारले, दोन्हीकडे ‘मी’ सारखाच कसा? ती मुलगी उठली, खडू घेतला आणि सुधाकरच्या ‘मी’वर जुन्या पद्धतीचे टिंब दिले.